डांगराचे घारगे आणि मुठीचे पैसे

माझं अक्षर वाईट आहे. चौथीनंतर हातात पेन्सिल राहिली नाही, खुरपं आलं. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नये, जिथे जे सुचेल ते देते. कोणी हे वाचलंच, तर अक्षराकडे न बघता वाचावं आणि चूक दिसेल तिथे आपल्या मनाने नीट करून घ्यावी. मी हे दुपारी, घरात कोणी नसताना लिहिते. तोंडाने सांगायला गेले की माझं अर्धं वाक्य पोटातच राहतं. लिहिताना तसं होत नाही.

आमचं गाव श्रीरामपूर आणि राहुरीच्या मध्ये, मोठ्या रस्त्यापासून जरा आत. आमच्या गल्लीत सगळी ख्रिस्ती घरं आणि टोकाला चर्च. भक्तीला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला, मी शेवटच्या सतरंजीवर, दाराजवळ बसायची. मध्येच कोणाचंही नाव घेऊन प्रार्थना करायला सांगायची आमच्याकडे पद्धत आहे. म्हणून चर्चचे पाळकसाहेब इकडे तिकडे बघायला लागले की मी आधीच डोळे मिटून घ्यायची, म्हणजे ही प्रार्थनेतच आहे असं त्यांना वाटावं.

नव्वदच्या नंतरची गोष्ट आहे. गावात नवीन पाळकसाहेब आले होते. वयाने लहान, सायकलवर हिंडणारे. गावाबाहेर ओढ्याचा पूल आहे, त्याच्या कठड्यावर दहावी नापास झालेली पोरं दिवसभर बसलेली असायची. आमच्या गल्लीतली, शेजारच्या बौद्ध वस्तीतली, मराठ्यांच्या मळ्यातली, सगळी एकत्र. काम नाही, शाळा नाही, गुटख्याच्या पुड्या खायच्या आणि एस.टी. मोजायच्या. पाळकसाहेब जाऊन त्यांच्यात कठड्यावर बसायला लागले. गल्लीत कुजबुज झाली की साहेबांना पण पुडीची सवय लागली. खरं तर ते त्या पोरांना विचारत होते, तुम्हांला काय येतं. पोरं म्हणाली, काही येत नाही. साहेब म्हणाले, मग आपण मे महिन्यात शिबिर घेऊ.

मुळा धरणाच्या बाजूला एका गावातली शाळा सुट्टीत रिकामी होती, ती मिळाली. मुलं आणि मुली दोन्ही येणार होती. पैसे मात्र नव्हते. तेव्हा साहेबांनी आम्हां बायकांकडे मुठीचे पैसे मागितले.

मुठीचे पैसे म्हणजे असं. आमच्यातली प्रत्येक बाई भाकरीचं पीठ घेताना त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते. पीठ नसेल तर दाणे. रविवारी तो डबा चर्चमध्ये रिकामा करायचा. जमलेलं धान्य-पीठ विकून पैसे येतात, आणि नाताळच्या आधी त्या पैशांतून गल्लीतल्या आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या एकट्या म्हाताऱ्यांना चादरी घेतात. हे पैसे खजिनदार काकूंच्या घरी पत्र्याच्या डब्यात असायचे. काकूंना लिहिता येत नव्हतं, पण कोणाच्या मुठीत किती दाणे बसतात तेही त्यांना पाठ होतं.

बायकांची सभा भरली. काकू म्हणाल्या, "हजार रुपय देते. पोरांकडनं वर्गणी येईल तशी परत करायची. चादरी घ्यायच्या आत सगळं पायजे. पन मला सांगा, जबाबदारी कुनाची? पाळकसाहेब आज हायेत, उद्या बदली झाली म्हंजी?"

बायका पदर सारखे करायला लागल्या.

"एक बाई पायजे," काकू म्हणाल्या. "सैपाकाला पन जाईल आन पैशाकडं पन बघंल. जिला जमनार न्हाई तिनं आत्ताच सांगा. मागनं कुरकुर नको."

"माझी म्हस व्यायलीय," एक म्हणाली.

"माझ्या पोरीला बघायला येनारेत."

"मला उन्हाचं चालत न्हाई बाई, डोकं धरतं."

एकेक जण सांगत गेली. मीही मनात वाक्य जुळवत होते, की माझ्या घरी सासूबाई आहेत, त्यांना सोडून कसं येऊ. वाक्य जुळलं तोवर काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही काय बोलली न्हाई. मंग हिच्यावर ठरलं."

घरी आल्यावर आमच्या ह्यांना सांगितलं. हे साखर कारखान्यात कामाला होते. म्हणाले, "हजाराला जामीन ऱ्हायलीस? काय बोललीस तू तिथं?"

"काही नाही," मी म्हणाले.

"त्येच तर," हे म्हणाले आणि खूप वेळ हसत बसले. सासूबाई पण हसल्या. मग त्याच म्हणाल्या, जा, मी काय लहान हाय का.

साहेबांनी वीस रुपये वर्गणी ठेवली होती आणि एका टेम्पोत बसतील एवढी पोरं धरली होती. टेम्पो भरून गेली, आणि मागून सायकलींवर डबलसीट तेवढीच आली. साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं की कोणालाही परत पाठवायचं नाही. वर्गणी विचारली की कोणी खाली बघायचं, कोणी पाच रुपये द्यायचं. एकाने वर्गणीच्या जागी कोंबडा आणला. तो कोंबडा पहिल्या पहाटे सगळ्यांच्या आधी उठून आरवला, म्हणून दुपारी त्याचा रस्सा झाला.

त्या पोरांच्यात एक मुलगी होती, अठरा-एकोणीस वर्षांची. मराठ्यांच्या मळ्यातली, आमच्या गल्लीतल्या मैत्रिणीबरोबर आलेली. तिची आई आठवडे बाजारात भाजी विकायची आणि ही लहानपणापासून तिच्याबरोबर गोणपाटावर बसलेली. तिला सगळ्यांशी बोलता यायचं. मी किराणा आणायला निघाले तर ती माझ्याबरोबर आली. मी दुकानदाराला चिठ्ठी दिली आणि गप्प उभी राहिले. तिने डाळ हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "काका, ही मागच्या साली निवडली का आवंदा?" दुकानदाराने दुसरं पोतं सोडलं. येताना ती मला म्हणाली, "मावशी, तुमी बाजार कसा करता वो?" मी म्हणाले, "लोक सांगतील तेवढे देते." ती रस्त्यातच उभी राहिली. असं माणूस तिने आधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नेमकी पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची गोष्ट सांगायला घेतली. त्याच वेळी माझं पीठ तळाला गेलं होतं. मी दारात उभी राहून साहेबांना खूण करत होते. साहेब सांगत होते की प्रभूने भाकरी मोडल्या आणि हजारो लोक जेवून वर टोपल्या उरल्या. मागून एक पोरगा म्हणाला, "साहेब, मावशी दारात उभ्या हायेत. आमच्याबी भाकरी मोडायच्या का आता?" सगळी पोरं वळून माझ्याकडे बघायला लागली. मी दाराआड गेले. साहेब गोष्ट अर्धी ठेवून बाहेर आले, आणि हजारातले उरलेले पैसे घेऊन पुन्हा किराण्याला माणूस पाठवला. त्या रात्री पिठलं-भात केला आणि सगळी पोटभर जेवली. पोरांनीच भांडी घासली. घरी ताट न उचलणारी पोरं धरणाच्या वाळूने पातेली चमकवत होती आणि कोणाचं जास्त चमकतं यावर भांडत होती.

शिबिर झालं. वर्गणीचे दोनशे जमले, ते मी काकूंना परत केले. आठशे राहिले.

पण पोरं पुलावर परत गेली नाहीत. दर शनिवारी संध्याकाळी चर्चच्या ओट्यावर जमायला लागली. एक निवृत्त गुरुजी त्यांचं गणित घ्यायचे, मग गाणी व्हायची, मग साहेब शास्त्रातलं थोडं वचन सांगायचे. ज्यांना त्या वेळी घरी जायचं ते जायचे, बहुतेक थांबायचे. मी चहा करायची. रविवारी सकाळी हीच पोरं एकट्या म्हाताऱ्यांकडे जाऊन पाणी भरायची. एका आजीचं छप्पर गळत होतं ते त्यांनी शाकारून दिलं, तिच्या पोराने तीन वर्षांत केलं नव्हतं. कोणी आजारी पडलं तर सायकलच्या कॅरिअरवर बसवून दवाखान्यात न्यायची.

काकूंना हे सगळं दिसत होतं. तरी भेटल्या की म्हणायच्या, "पोरं गुणाची हायेत गं. पन आठशे?" मी मान हलवायची. अंडी विकून थोडे साठवले होते, ते पावसाळ्यात घरावरच्या पत्र्याला गेले. साहेब म्हणाले मी माझ्या पगारातून देतो, पण त्यांचा पगारच तीन-तीन महिने येत नव्हता. काकूंनी ऐकलं नाही. बायकांत बोलणं सुरू झालं, की पैसे फिटले नाहीत तर म्हाताऱ्या थंडीत कुडकुडतील आणि ह्या पोरांना पुन्हा मुठीतला दाणा द्यायचा नाही, शनिवारचा चहा पण नाही. एक तर म्हणाली, ओटा भक्तीसाठी आहे, गणितासाठी नाही. चादरी थोड्या कमी घेतल्या तर चालतील असं कोणी म्हणालं नाही, आणि मलाही ते म्हणवलं नसतं. ज्या आजीचं छप्पर पोरांनी शाकारलं, तिचंच नाव चादरीत पहिलं होतं.

बाजरी निघाल्यावर आमच्याकडे कापणीचा सण होतो. ज्याच्या घरी जे पिकलं ते चर्चमध्ये आणून देवापुढे ठेवायचं. बाजरी, मका, ऊस, कोंबड्या, अंडी, लिंबं. भक्ती झाली की त्याचा लिलाव. हा लिलाव बाजारातल्यासारखा नसतो. एक अंडं पन्नास रुपयांना जातं, घेणारा ते परत देवाला देतो, मग तेच अंडं पुन्हा तीसला जातं. म्हणजे वस्तू नावाला, द्यायचं असतं ते दान. हे आम्हांला लहानपणापासून माहीत, म्हणून कोणी कोणाला कधी समजावून सांगत नाही.

त्या वर्षी पाऊस असा झाला की लाल भोपळ्यांना ऊत आला. आमच्याकडे डांगर म्हणतात. प्रत्येकाच्या छपरावर डांगर, उकिरड्यावर डांगर. सगळ्यांनी तेच आणलं. व्यासपीठापुढे डांगरांची रांग लागली आणि साहेबांना उभं राहायला जागा उरेना.

शनिवारची पोरं पहिल्यांदाच सणाला आली होती. ती मुलगी माझ्याजवळ, शेवटच्या सतरंजीवर बसली होती. लिलाव गुरुजी पुकारत होते. पहिलं अंडं पन्नासला गेलं तेव्हा तिने माझा हात दाबला. दुसऱ्यांदा गेलं तेव्हा ती अस्वस्थ झाली. मग गुरुजींनी डांगर उचललं.

"देवाचं डांगर. बोला, दहा रुपये."

बोली कोणी लावेना. घरोघरी डांगर होतं.

"पाचला देता का?" ती म्हणाली.

सगळ्या माना आमच्या सतरंजीकडे वळल्या. मी डोळे मिटून घेतले.

"बाई," गुरुजी म्हणाले, "इथं वर जायचं असतं, खाली न्हाई."

"पन गुरुजी, त्याला एका बाजूनं डाग हाय. हितनं दिसतोय." ती उठून उभी राहिली. "आन ते मामा, ज्यांनी अंडं घेतलं पन्नासला. त्यांना कुनी सांगत कसं न्हाई, टपरीवर दीड रुपयाला मिळतं."

ते मामा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्र तोंडापुढे धरलं होतं, ते हलत होतं. गुरुजी मात्र शाळेत होते तसेच गंभीर राहिले. म्हणाले, "बरं. पाच. पाच एक वार, पाच दोन वार. कुनी वर जातंय का?" कोणी गेलं नाही. "पाच तीन वार. आता अजून सोळा हायेत, बाई. त्यांचं काय?"

"सगळी घेतली तर कितीला सोडाल?"

चाळीसला सोडली. तिच्याजवळ पैसे नव्हते, पोरांनी आपापसांत गोळा करून तिथेच भरले. खजिनदार काकू बायकांना म्हणाल्या, "देवाच्या डांगराचा सौदा केला गं हिनं." पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

बाहेर आल्यावर मैत्रिणीने तिला लिलावाची रीत सांगितली. ती लाजली, पण थोडीच. साहेबांनी काकूंना विचारून बघितलं, की सणाचे पैसे बरे जमले आहेत, त्यातून मुठीचे आठशे द्यावेत का.

"देवाच्या उजव्या खिशातलं काढून डाव्यात घालायचं आन फिटलं म्हनायचं?" काकू म्हणाल्या. "तसं न्हाई चालत, साहेब."

आम्ही सगळे डांगरांभोवती उभे होतो. कोणीतरी विचारलं, एवढ्या डांगरांचं काय करायचं. मी हळूच म्हणाले, "घारगे करता येतात."

"कुनाला?" ती मुलगी म्हणाली.

"मला."

"मंग परवा बाजार हाय, मावशी."

बाजाराच्या आदल्या दिवशी पोरांनी डांगरं किसली. मी किस गुळात शिजवला, त्यात मावेल तेवढी कणीक घातली. आमच्या ह्यांनी तेलाचा डबा उधार आणून दिला आणि म्हणाले, आता तेलवाल्याला पण काही बोलू नकोस. बाजारात तिच्या आईच्या शेजारी गोणपाट टाकलं आणि स्टोव्ह पेटवला. मी लोकांकडे पाठ करून बसले. थापायचं, तळायचं, मागे सरकवायचं. पुकारायचं काम तिचं.

"गरम घारगे, रुपयाला एक. घ्या आजी, दात नसले तरी चालतंय."

कोणी विचारायचं, "कुनाच्या हातचं हाय?" विचारण्यात काय आहे ते कळायचं. ती म्हणायची, "माझ्या मावशीच्या हातचं." काही पुढे जायचे, बरेच थांबायचे. वासाला कोण पुढे जातं.

पहिल्या बाजाराला सगळे घारगे संपले आणि पैसे तेलाचेसुद्धा निघाले नाहीत. कारण पोरं येता-जाता दोन-दोन खात होती आणि बाजारातल्या उघड्या-नागड्या लेकरांना फुकट वाटत होती. तिने कमरेवर हात ठेवून विचारलं, तेव्हा एक म्हणाला, "साहेबच म्हनले, फुकट मिळालं ते फुकट द्या."

"डांगर फुकट न्हाई मिळालं," ती म्हणाली. "चाळीसला मिळालं. लेकरांना द्या, त्येला ना न्हाई. पन तुमी खाल्लं तर रुपया टाका." त्याच वेळी पाळकसाहेब सायकल टेकवून आले आणि एक घारगा उचलला. तिने हात पुढे केला. साहेबांनी खिसे चाचपले आणि रुपया दिला. त्यानंतर कोणी फुकट खाल्लं नाही.

तिची आई हे सगळं मेथीच्या जुड्यांमागून बघत होती. माझ्याशी बोलत नव्हती. मळ्यात कोणीतरी तिला सांगितलं होतं की ते लोक तुझ्या पोरीला बाटवतील. तिसऱ्या बाजाराला गर्दी कमी असताना ती आपल्या लेकीला म्हणाली, मला ऐकू जाईल असं, "तीन बाजार झाले, ह्या बाईच्या तोंडातनं शब्द न्हाई पडला. ही काय कुनाला बाटवनार?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, गूळ कमी घालत जा जरा. महाग पडतोय तुमाला. डांगर गोडच हाय यंदा." मी मान हलवली. ती म्हणाली, "बघा, आताबी न्हाई बोलली." मला हसू आलं, आणि तीही हसली.

गूळ कमी केला. घारगे तसेच गोड झाले आणि पैसे जास्त उरायला लागले. डांगरं संपत आली तेव्हा तिच्या आईने मळ्यातली चार आणून माझ्यापुढे ठेवली. किती द्यायचे विचारलं तर म्हणाली, तुमच्या म्हाताऱ्यांत माझी मावसासू पन हाय, तिला चादर द्या म्हंजी झालं. तिची मावसासू पलीकडच्या वस्तीवर एकटी राहायची. मला ते तेव्हा कळलं.

नाताळच्या आधीचा शेवटचा बाजार झाला. तेलाचे, गुळाचे, कणकेचे पैसे बाजूला काढून त्या मुलीने बाकीचे माझ्या पदरात टाकले आणि गाठ मारली. तशीच मी काकूंच्या घरी गेले. पोरं मागून आली, पण दारातच थांबली. काकूंनी दिवा जवळ घेतला आणि जमिनीवर पैसे मांडले. चिल्लर एका बाजूला, नोटा एका बाजूला. एकदा मोजले. परत मोजले. बाहेर पोरं कुजबुजत होती, काकूंनी त्यांना हटकलं, "गप बसा रं, चुकतंय माझं." मग तिसऱ्यांदा मोजले.

"पुरं आठशे हायेत," काकू म्हणाल्या. एक नोट नाकाशी धरली. "गुळाचा वास येतोय सगळ्यांना." आणि पैसे पत्र्याच्या डब्यात ठेवून त्यांनी झाकण लावलं.